बहिणीचा कोर्स, भावाचा हिशेब

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, अकरावीत 78 टक्के. धाकटा मुलगा जन्मापासून कर्णबधिर, नववीत. आवाज झाला की मनगटावर थरथरणारा पट्टा तिने त्याच्यासाठी बनवला आणि आता ‘हेच काम करणार’ म्हणते. आमच्या मागे भावाला तिलाच सांभाळायचंय, म्हणून तिने कॉम्प्युटर घ्यावं असं वाटतं. कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचं, श्रवणाच्या नसेला थेट संकेत देणारं यंत्र) आल्यावर असल्या उपकरणांना स्कोप उरलाय का?
– एक पालक, कराड

उत्तर : 78 टक्क्यांची मला चिंता नाही, ‘तिलाच सांभाळायचंय’ची आहे. भावाचा जन्मभराचा खर्च तुम्ही आत्ताच तिच्या नावावर मांडलात. तिला विचारलंत? आणि त्याला? पत्रात तो फक्त जबाबदारी म्हणून येतो; काय आवडतं, कशात रमतो, एक ओळ नाही. तो कमावणार नाही हे ठरवलं कुणी?

जेईई, सीईटी, कॅप राउंड तुम्हाला पाठच असतील. इलेक्ट्रॉनिक्स, बायोमेडिकल, अगदी कॉम्प्युटरमधूनही या कामाकडे जाता येतं. तेव्हा शाखेवरून घरात भांडू नका.

इम्प्लांटचा गैरसमज मात्र काढून टाका. त्याचा बाहेरचा प्रोसेसर, म्हणजे आवाज टिपणारा भाग, झोपताना उतरवून ठेवतात. मग रात्री दार वाजलं तरी कळत नाही. श्रवणाची नसच नसेल तर इम्प्लांटचा उपयोग नाही. ज्याला दिसतही नाही, त्याला बेल वाजली की लुकलुकणारा दिवा काय कामाचा? तिथे उरते त्वचा, आणि त्वचेचं गणित वेगळं आहे. कानाला 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं असलेले आवाज, ऐकू येतं. त्वचेला 250 हर्ट्झच्या आसपासची थरथर सर्वांत चांगली जाणवते, 1,000 च्या वर जवळपास काहीच नाही. म्हणजे कुकरची शिट्टी आधी खालच्या पट्टीत आणायची, आणि शिट्टी, कुत्रा, गाडी यांची थरथर वेगवेगळी ओळखू येईल अशी करायची. स्वीडनच्या ओरेब्रो विद्यापीठात परिवश रंजबर यांनी कर्णबधिर आणि बहिरेपणासोबत अंधत्व असलेल्यांसाठी अशाच उपकरणांवर 2009 मध्ये पीएच.डी. केली. तुमची मुलगी नुसतं ‘आवाज झाला, पट्टा हलला’ एवढ्यावर थांबली तर तिला स्कोप नाही, हेही सांगतो. बेल आणि भोंगे 2020 पासून फोनच ओळखू लागलेत.

भाऊ तो पट्टा घालतो का, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. मिक्सर लावला तरी थरथरत असेल तर चार दिवसांत ड्रॉवरमध्ये गेला असेल. त्याला कोणते आवाज कळायला हवेत, हे तिने त्यालाच विचारावं. जमल्यास दोघांनी वांद्र्याची अली यावर जंग ही कर्णबधिरांसाठीची राष्ट्रीय संस्था पाहून यावी. ऑडिओलॉजीची, म्हणजे श्रवणशास्त्राची, पदवी तिथे आहे, तीही तिला कळेल.

आता मुलाचं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान 5 टक्के जागा राखीव आहेत. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर आधी ते काढा. मग पुढचं पत्र त्याच्याबद्दल पाठवा, शक्यतो त्याच्याच हातचं.