ओव्हरक्लॉकिंगसाठी (प्रोसेसर मूळ वेगापेक्षा जास्त पळवण्यासाठी) सेकंडहँड इंटेल आय५-२५००के घ्यावा की ३५७०के?

लॅमिंग्टन रोडला दोन्ही जवळपास एकाच भावात मिळतायत म्हणताय ना, मग २५००के घ्या. एक पिढी जुना म्हणून नाक मुरडणारे भेटतील. माझा मावसभाऊ त्यातला पहिला.

३५७०के घेताना तो ठाम होता: चिपची बनावट आणखी बारीक, २२ नॅनोमीटर आहे, म्हणजे थंड चालणारच. कागदावर खरं आहे, ९५ वॅटच्या जागी ७७. पण ते मूळ वेगाला. मे महिन्यात लालबागला त्याच्या खोलीत, एसी नाही, ४.५ गिगाहर्ट्झ लावून प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण ताण टाकणारा प्रोग्राम) चालू केलं आणि तापमान नव्वदीपार. म्हणाला, कूलर नीट बसला नाही. सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा, दोघांचं ११५५च, म्हणून माझा २५००के त्याच्याच झेड७७ मदरबोर्डवर चढवला. तोच कूलर, तीच खोली, तेवढाच वेग. सत्तरीच्या घरात राहिला. तरी आजही घरच्या कार्यात विषय निघाला की हा म्हणतो, त्या दिवशी कूलरखालची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलेली होती. नव्हती! ट्यूब मी स्वतः नवीन आणलेली.

भानगड कूलरखाली नव्हतीच, झाकणाखाली होती. सँडी ब्रिजमध्ये, म्हणजे २५००केच्या पिढीत, चिप आणि धातूच्या झाकणामध्ये सोल्डर आहे, आयव्ही ब्रिजमध्ये, म्हणजे ३५७०केच्या पिढीत, पेस्ट. त्यात चिप २१६ वरून १६० चौरस मिलिमीटरवर आली, म्हणजे उष्णता निघायला जागाही कमी. आणि परदेशातले आकडे बघून हुरळू नका. त्यांची खोली गार असते, आपली मेमध्ये तेहेतीस-चौतीस डिग्री, आणि तो फरक जवळपास तसाच कोअरच्या तापमानात चढतो.

झाकण उघडून पेस्ट बदलणारे आहेत. ब्लेड चिपला लागलं तर प्रोसेसर गेला, मी तरी सुचवणार नाही.

हां, एवढं मान्य करतो की त्याच वेगाला आयव्ही साधारण पाच टक्के पुढे असतो आणि पीसीआय एक्सप्रेस ३.० (ग्राफिक्स कार्डासाठी जास्त वेगवान जोडणी) देतो. ओव्हरक्लॉक करणारच नसाल तर खुशाल ३५७०के घ्या. एच६१ बोर्ड असेल तर मात्र दोन्हींवर पैसे वाया, तिथे मल्टिप्लायर (प्रोसेसरचा वेग ठरवणारा गुणक) वाढवता येत नाही. पी६७ बोर्ड मिळत असेल तर बी३ (सुधारलेली आवृत्ती) लिहिलेलाच बघा, २०११च्या सुरुवातीच्या बोर्डांत हार्डडिस्क जोडायच्या साटा पोर्टचा दोष होता.