रोजच्या वापराला कोणतं घड्याळ घेऊ?

प्रश्न: ताई, मी दांडिया बाजारात राहतो, रोज स्कूटरवरून मकरपुरा जीआयडीसीत जातो. दोन वर्षांत दोन घड्याळं गेली, एकाची काच पांढरी पडली, दुसऱ्यात पहिल्याच पावसात वाफ धरली आणि त्यावर चक्क ३० मीटर लिहिलेलं होतं! टिकेल पण लग्नकार्यातही शोभेल असं सांगा ना.
– एक वाचक, बडोदा

उत्तर: दादा, ते ३० मीटर वाचून सगळेच फसतात, त्याचा अर्थ फक्त हात धुताना उडणारं पाणी चालेल एवढाच, तुम्ही १०० मीटरवालंच घ्या आणि बाजूची चावी (वेळ लावायची गोल खुंटी) बाहेर ओढलेली राहिली नाही ना ते रोज बघा, पाणी बऱ्याचदा तिथूनच शिरतं. काचेचं म्हणाल तर सफायरच (कृत्रिम नीलमची काच) घ्या, थोडे जास्त पैसे गेले तरी. धुळीत वाळूचे कण असतात, त्यांचा कडकपणा मोहस् मापावर (१ ते १०) ७, साधी मिनरल काच त्याहून मऊ आणि सफायर ९, म्हणून शर्टाच्या बाहीने पुसलं तरी साध्या काचेवर बारीक रेघा उठतात. सफायर जोरात आपटली तर फुटते मात्र, तेवढं जपा.

मशीन क्वार्ट्झच (सेलवर चालणारं) बरं, सेल बदलताना पाणी अडवणारी आतली रबर रिंगही बघायला सांगा. केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची डबी, ३१६एल स्टीलची (सहसा न गंजणारं स्टेनलेस स्टील). चामड्याचा पट्टा आपल्याकडच्या घामाला टिकत नाही, वास मारतो, तो लग्नापुरता ठेवा, रोज स्टीलचा. पट्ट्याची रुंदी २० मिमी असली की दुसरे पट्टे सहज मिळतात. डायल साधी पांढरी किंवा गडद निळी, मला स्वतःला निळी फार आवडते, कुर्त्यावरही खुलते.