पद्मिनीला पेट्रोल की बॅटरी?

प्रश्न: वडिलांची 1974ची प्रीमियर पद्मिनी गाडी नीट करायला काढलीय. इंजिन बोअर करून (सिलिंडर आतून घासून) घेऊ का काढून मोटर-बॅटरी बसवू? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर: इंजिनच ठेवा राव. 1089 सीसीचं साधं मशीन, जुना मिस्त्री डोळे झाकून उघडतो, आणि इलेक्ट्रिक म्हटलं की मान्यताप्राप्त किट, आरटीओची परवानगी, आरसीवर इंधन बदलणं हे सगळं आलंच, त्यात तुमची गाडी पन्नाशी ओलांडलेली, 2021च्या नियमानं व्हिंटेज नोंदणी मिळू शकते पण मूळ रूपात असली तरच. रोज नुसतं सात रस्ता चौकापर्यंत जायचं असेल तर बॅटरी बरी, मान्य. ई20साठी, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी, पेट्रोलचे रबरी पाइप मात्र बदला. आणि मे महिन्याच्या उन्हात मध्येच बंद पडली तर फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकून जरा थांबा, पेट्रोलची वाफ अडकलेली असते, बाकी काय नाय.