आजीचा आवाज, मावशीची शाल

गेलेल्या माणसाच्या मागे राहिलेल्या वस्तू कशा जपाव्यात, याविषयी आलेल्या पत्रांतले तीन प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: आजीच्या आवाजाची घरात एकच कॅसेट आहे, तीसेक वर्षांपूर्वीची. परवा लावली तर आवाज कोंडल्यासारखा आला. पुन्हा लावायला धीर होत नाही. काय करू?

उत्तर: धीर होत नाही ते बरंच आहे. मशीन तपासल्याशिवाय ती लावूच नका. आधी कॅसेटची पाठ बघा. जिथे फीत उघडी दिसते त्याच्या विरुद्ध कडेला प्लास्टिकचे दोन छोटे तुकडे असतात. ते मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी आजीच्या आवाजावर दुसरं काही टेप होणार नाही.

आवाज दबण्याचं नेहमीचं कारण म्हणजे हेडवर, म्हणजे टेपरेकॉर्डरमधल्या फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, साचलेला तपकिरी थर. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हेड आणि शेजारचा फिरणारा धातूचा दांडा पुसा, दहा मिनिटं वाळू द्या. रबरी चाकाला अल्कोहोल नको, ओलसर फडकं पुरे. मग बिनमहत्त्वाची एखादी कॅसेट दोन्ही बाजूंनी अख्खी वाजवून बघा. रबर कडक झालेलं मशीन फीत गिळतं, आणि ते आजीच्या कॅसेटवर कळायला नको.

तरीही आवाज दबलेलाच असेल, तर कॅसेटच्या तोंडाशी, फितीमागे मधोमध, मऊ फेल्टचा तुकडा आहे का पाहा. तो फितीला हेडवर दाबून धरतो. वर्षानुवर्षांनी त्याचा गोंद सुटतो. पडला असेल तर दोन्ही रिळं स्क्रूने उघडणाऱ्या दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या खोक्यात बसवावी लागतात. फेल्ट जागेवर असेल तर दोष बहुधा हेडच्या कोनाचा. हेडशेजारचा बारीक स्क्रू केसभर इकडे-तिकडे फिरवा आणि कान ‘स’ आणि ‘श’वर ठेवा. ही अक्षरं जिथे सर्वांत स्वच्छ येतील तिथे थांबा. (९० मिनिटांच्या कॅसेटची फीत ६० मिनिटांच्या फितीहून पातळ असते, ती विनाकारण मागे-पुढे पळवू नका.)

नक्कल करताना टेपरेकॉर्डरचं लाइन-आउट काँप्युटरच्या लाइन-इनला जोडा. माइकच्या खाचेत जोडलं की आवाज फाटतो. सगळ्यात मोठा आवाजही रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट असं ठेवलं तर स्टिरिओच्या एका तासाला साधारण १ जीबी जागा लागते. मधल्या शांततेत रेकॉर्डिंग थांबवू नका. खरखर काढायची तर ती दुसऱ्या प्रतीवर काढा, मूळ फाइलला हात नको. खरखरीबरोबर श्वास, शब्दांच्या कडा, मागे कुणीतरी सरकवलेली खुर्ची, हेही पुसलं जातं, आणि पुढे नेमकं तेच हवंसं वाटतं.

फाइल तयार झाली की घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ बसून ती ऐका. मागून कोण बोलतंय, कुणाला हाक मारली, कोणत्या प्रसंगाचं बोलणं आहे, ते मिनिटासह लिहून घ्या. हे काम मशीनपेक्षा तातडीचं आहे.

व्हॉट्सॲपवर तिचे आवाजी निरोप असतील तर तेही. नुसता स्टार लावून ठेवणं म्हणजे जपणं नव्हे. मूळ फाइलच बाहेर काढा, स्पीकरवर वाजवून दुसऱ्या फोनने टिपू नका. प्रती तीन हव्यात, त्यातली एक दुसऱ्या घरात.

प्रश्न: आजोबांचे फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये पक्के बसलेत. ओढले तर फाटतात.

उत्तर: ओढू नका. फोटो काढण्याआधी प्रत्येक पानाचं जसंच्या तसं छायाचित्र घ्या. फोटोंचा क्रम आणि शेजारचं हस्ताक्षर एकदा विस्कटलं की परत जुळत नाही. मग मेण न लावलेला डेंटल फ्लॉस एका कोपऱ्याखाली सरकवा आणि करवतीसारखा हलके पुढे-मागे नेत दुसऱ्या टोकापर्यंत जा. अडलं की थांबा. तो फोटो तसाच राहू द्या, पानासकट स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेल्या फोटोचंही तेच: काचेवरूनच स्कॅन.

स्कॅन ६०० डीपीआयवर, पासपोर्टएवढा फोटो असेल तर १२०० वर. लॅमिनेशन कधीच नको, ते परत निघत नाही. पीव्हीसीच्या पाकिटांऐवजी पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची घ्या. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहिलं तर दाब पुढे उमटतो. नावं पाकिटावर लिहा, आणि फोटो आत घालण्याआधी लिहा.

प्रश्न: मावशीच्या लोकरी शालीला अजून तिचा वास आहे. धुवू की नको?

उत्तर: खरं सांगायचं तर वास टिकत नाही. शाल जितक्यांदा उघडाल तितका तो उडतो. शिवाय घाम लागलेली, न धुतलेली लोकर कसरीला सर्वांत आवडते. म्हणून तिचा एखादा छोटा रुमाल न धुता घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा आणि शाल धुवा: थंड पाणी, लोकरीचा सौम्य साबण, पिळायचं नाही, आडवी पसरून सावलीत वाळवायची.

कसर लागल्याची शंका असेल तर पूर्ण कोरडी शाल पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर गार लोकरीवर पाणी धरतं. घडी दर दोन-तीन महिन्यांनी बदला. एकाच रेषेवर राहिली की लोकर तिथेच विरते.