'इटर्निटी' : अनंतकाळ, सार्वकालिक की कालातीत?

नॉर्मन क्रेट्झमन यांच्या कार्यावरील मराठी लेखात 'इटर्निटी'साठी 'अनंतकाळ' लिहिले तर चालेल का, असा एका वाचकाचा प्रश्न आहे. माझ्या मते चालणार नाही, कारण मूळ युक्तिवादच त्यामुळे ढासळतो.

कॉर्नेल विद्यापीठातील मध्ययुगीन तत्त्वज्ञानाचे अभ्यासक क्रेट्झमन यांनी एलिओनोर स्टम्प यांच्यासह १९८१ साली प्रसिद्ध केलेला या विषयावरील निबंध रोमन तत्त्वज्ञ बोएथियस याच्या व्याख्येवर उभा आहे. सहाव्या शतकात राजा थिओडोरिकच्या कैदेत असताना लिहिलेल्या ग्रंथात बोएथियस म्हणतो की, 'एटर्निटास' ('इटर्निटी'साठीचा लॅटिन शब्द) म्हणजे अमर्याद जीवनाचे संपूर्ण, परिपूर्ण आणि एकसमयावच्छेदेकरून असलेले स्वामित्व. ज्या जगाला आदि-अंत नाही, त्याचाही कालचा दिवस सरलेला आणि उद्याचा यायचा असतो; म्हणून प्लेटोला अनुसरून देवाला 'एटर्नुस' आणि अशा जगाला 'पर्पेटुउस', म्हणजे काळातच अखंड चालत राहणारे, म्हणावे, असे तो बजावतो. आपला 'अनंतकाळ' या दुसऱ्या बाजूचा आहे.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. मी उद्या काय करणार हे देवाला आजच ठाऊक असेल, तर माझे स्वातंत्र्य उरते कुठे, या पेचातून बोएथियस त्याच आधारे वाट काढतो. चालणारा माणूस आणि उगवणारा सूर्य आपल्याला एकाच वेळी दिसतात. पण आपण पाहतो म्हणून त्या माणसावर चालण्याची सक्ती होत नाही. देवाचे ज्ञानही असे पाहणेच आहे, ते 'आधीचे' नाही. 'अनंतकाळ' लिहिताच हे 'आधी' मागच्या दाराने परत येते.

मराठी बायबलमधले 'सार्वकालिक जीवन' वाचकांच्या ओळखीचे असले, तरी त्या शब्दातही सर्व काळ व्यापणे आहे, काळापलीकडे असणे नाही. 'नित्य' शास्त्रात भारदस्त असला, तरी व्यवहारात तो नित्यनेमाकडे, म्हणजे रोजच्या आवर्तनाकडे झुकतो. मी 'कालातीत' निवडेन. तो नकारात्मक आहे, बोएथियसच्या व्याख्येतील जीवन आणि स्वामित्व त्यात येत नाही, ही उणीव खरी. म्हणून पहिल्या उल्लेखासोबत संपूर्ण व्याख्या द्यावी.

कालातीत आणि कालबद्ध यांच्यात क्रेट्झमन व स्टम्प एक विशेष प्रकारची समकालिकता मानतात. तिथे 'समकालीन' लिहिले तर दोघेही एकाच काळात जाऊन बसतात. त्यांच्या मांडणीत दोन्ही बाजूंचा विचार वर्तमान या रूपात होत असल्यामुळे 'सहवर्तमानता' हा शब्द मला अधिक नेमका वाटतो.