शून्य नव्हे, पाच

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा बाजारात तुझी आई भेटली. मेथीची जुडी हातात धरून तशीच उभी राहिली. म्हणाली, ‘नाना, पोरगं साठ दिवसांच्या शटडाऊनला, म्हणजे रिफायनरी बंद ठेवून करायच्या दुरुस्तीच्या कामाला, सौदीला जायचं म्हणतंय. त्याला ना अरबी येत, ना धड इंग्रजी. तिकडे बोलेल कोणाशी?’ रस्त्यात उभ्या उभ्या तिला काय सांगणार, म्हणून हे पत्र. तू वाच आणि तिलाही वाचून दाखव.

भाषेवाचून काम अडत नाही, हे तू लहानपणापासून बघतोयस. रावेर-यावलच्या मळ्यांत सातपुड्यातून पावरा माणसं केळी कापायला येतात. मालकाला पावरी येत नाही, त्यांच्यातल्या कितीकांना मराठी येत नाही. तरी घड खांद्यावर येतो, फणीला डाग न लागता गाडी भरते. पण हिशेबाच्या दिवशी तीच माणसं झाडाखाली कशी बसलेली असतात ते आठव. दर काय ठरला, उचल किती झाली, गाड्या किती भरल्या, सगळं मुकादमाच्या तोंडून. तो म्हणेल तेच खरं. परदेशात त्या झाडाखाली तू बसलेला असशील. तुझ्या हातांची मला काळजी नाही. तुझ्या आणि तुझ्या पैशाच्या मध्ये बोलणारा माणूस कोण असेल, याची आहे.

माझंच ऐक. दीपनगरच्या वीज केंद्रात ओव्हरहॉलिंगची, म्हणजे यंत्रं खोलून दुरुस्त करायची कामं करून मी पहिल्यांदा आखातात गेलो, तेव्हा हजेरीचा कागद कॅम्पच्या मेसबाहेर चिकटवलेला असायचा. टाइमकीपर अरबी आकड्यांत लिहायचा. पहिल्या आठवड्यात माझ्या नावापुढे ओव्हरटाइमच्या रकान्यात शून्यच शून्य. रात्री दहापर्यंत पाइपांच्या जोडावरचे फ्लँज आवळलेले, आणि शून्य! खोलीतला एक जण, आपल्याच देशातला, म्हणाला, ‘मला लिपी येते. पन्नास रियाल दे, दुरुस्त करून आणतो.’ मी दिले. पगारात ओव्हरटाइम बरोबर आला आणि मी त्याचे आभार मानले. महिनाभराने एका नेपाळी हेल्परने मला बोटाने गिरवून आकडे शिकवले, तेव्हा कळलं. अरबी पाच हा आपल्या शून्यासारखा गोल असतो. त्यांचं शून्य म्हणजे नुसतं टिंब. त्या कागदावर पहिल्या दिवसापासून पाचच लिहिलेले होते. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतंच. पन्नास रियाल गेले ते गेले, पण महिनाभर मी त्या माणसाच्या उपकाराखाली वावरलो. त्याने सांगितली ती त्याची कामंही केली. ते मला आजही टोचतं.

म्हणून अरबी शिकत बसू नकोस, तेवढा वेळ तुझ्याकडे नाही. दहा आकडे मात्र इथूनच शिकून जा. एका संध्याकाळचं काम आहे. पाच म्हणजे गोल, शून्य म्हणजे टिंब, आणि सहा इंग्रजी सातासारखा दिसतो, तिथेही नवी माणसं फसतात. आकडे आले की करारसुद्धा तपासता येतो. आखातात करार बहुधा अरबी-इंग्रजी अशा दोन भाषांत असतो, आणि वाद झाला तर अरबी मजकूर धरतात. वाक्यं तुला वाचता येणार नाहीत, पण मूळ पगार, कामाचे तास, किती दिवसांचा करार, हे आकडे दोन्हीकडे जुळतात का ते बघता येईल. जुळत नसतील तर सही करू नकोस. एजंट म्हणेल, फ्लाइट चुकेल. चुकू दे.

तू दहावी करून आयटीआय केलंस, त्यामुळे तुझ्या पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे ‘परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी हवी’ असा शिक्का नसेल. पोरं याला फायदा समजतात. ज्याच्या पासपोर्टवर तो असतो, त्याला सौदी, कतार, कुवेत धरून १८ देशांत कामाला जाताना सरकारची मंजुरी घ्यावी लागते, १० लाखांचा विमा काढावा लागतो, म्हणजे त्याचा कागद कोणीतरी एकदा बघतं. तुझा कोणी बघणार नाही. तो तूच बघायचा. विमा कोणाकडून, आजारी पडलास तर खर्च कोणाचा, परतीचं तिकीट कोणाचं, हे लिहून घे.

एजंटाचा परवाना क्रमांक मागून घे आणि ईमायग्रेट या सरकारी साइटवर स्वतः तपास. जळगावला ऑफिस आहे, काचेचं दार आहे, एसी आहे, याला काही अर्थ नाही. परवानाधारक एजंटालाही ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. लाखाची भाषा काढली की उठून ये. ‘आत्ता व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर बदलून देतो’ म्हणणाऱ्याकडे तर पाणीही पिऊ नकोस. त्या व्हिसावर काम करताना पकडला गेलास तर गुन्हेगार तू ठरतोस, एजंट इथेच असतो. काही अडलं तर १८००-११-३०९० हा सरकारी क्रमांक आहे, आईलाही लिहून दे.

बोलण्याचं म्हणशील तर साइटवर केरळचे, तामिळ, नेपाळी, पाकिस्तानी, फिलिपिनो असे सगळेच असतात. मोडकी हिंदी चालते. शिवाय अरबीचे कितीतरी शब्द तुझ्या तोंडात आधीच आहेत. हिशोब, साबण, तारीख, दुकान, बाकी, संदूक हे सगळे तिकडूनच आले, उच्चार थोडा फिरवला की समजतात. एका शब्दाला मात्र जप. कॅम्पच्या बोलीत ‘फी’ म्हणजे आहे आणि ‘माफी’ म्हणजे नाही. कोणी ‘बस माफी’ म्हटलं तर तो क्षमा मागत नाहीये, बस येणार नाही असं सांगतोय. क्रेनवर तर शब्दच लागत नाहीत. तर्जनी वर रोखून गोल फिरवली की उचल, खाली रोखून फिरवली की सोड. आणि ड्रॉइंग तुला वाचता येतं. ट्रेड टेस्टला, म्हणजे निवडीआधीच्या कामाच्या परीक्षेला, तेच विचारतील, त्याचा सराव सोडू नकोस.

एका जागी मात्र न समजता मान डोलवायची नाही, ती म्हणजे सेफ्टीचं ट्रेनिंग. रिफायनरीत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी गॅस असतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला तर नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. म्हणून नाकावर विसंबायचं नाही, छातीजवळ लावलेल्या गॅस मीटरचा आवाज ऐकायचा. सायरन वाजला की आधी उंचावर लावलेला, वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा बघ. गॅस वाऱ्याबरोबर जातो, तू त्याच्या वाटेतून आडवं निघून वाऱ्याच्या वरच्या बाजूला जा. कोणता सायरन गॅसचा आणि कोणता ‘सगळं ठीक आहे’चा, हे ट्रेनर इंग्रजीत भरभर सांगून जाईल. तेव्हा हात वर कर आणि हिंदीत परत विचार. सगळे वळून बघतील. बघू देत. तुझ्या मागे बसलेल्या चौघांनाही ते कळलेलं नसतं.

तुझा दोस्त जर्मनीचं म्हणत होता. आपल्या राज्याने २०२४ मध्ये तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्गशी करार केलाय खरा, पण तिथे जर्मन शिकूनच जावं लागतं. जपानचंही तसंच, भाषेची परीक्षा आधी. त्याला वर्षभर क्लास लावायचा असेल तर जरूर लावू दे. इंग्लंडात फळं-भाजी तोडायचा सहा महिन्यांचा व्हिसा असतो, त्याला इंग्रजीची परीक्षा नाही. पण तिथल्या कायद्याने काम मिळवून देण्याचे पैसे मजुराकडून घेता येत नाहीत, म्हणजे पैसे मागणारा कोण ते ओळख. आणि थायलंडला डेटा एंट्रीचं काम म्हणून कोणी नेत असेल तर त्याला पाय धरून थांबव. तिथून सीमेपलीकडे म्यानमारात नेऊन आपल्या पोरांना ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबलंय.

जाताना कळण्याचं थोडं पीठ ने, मेसमध्ये भातच भात असतो. पासपोर्ट कोणाकडे ‘ठेवायला’ देऊ नकोस, आणि फोटोप्रत आईजवळ राहू दे. रोजचे तास झोपण्याआधी स्वतःच्या वहीत मराठीत लिही.

गुरुवारी संध्याकाळी ये. कराराचा कागद आण, दोन्ही भाषांतला, आणि एक कोरी वही. पहिल्या पानावर दहा आकडे गिरवून घेतो, मग आपण दोघं तो करार ओळीओळीने जुळवू. आईलाही घेऊन ये, तिलाही तो गोल पाच बघू दे.

तुझा,
नानाकाका