वडिलांना शुगर आणि कोलेस्टेरॉल निघालंय. मटण, अंडी, दूध सोडून फक्त वनस्पतीजन्य आहार दिला तर फायदा होईल का?

फायदा होतो. पण तो मटण बंद केल्याने जेवढा होतो, त्याहून जास्त मटणाच्या जागी ताटात काय येतं त्यावर ठरतो. तुम्ही लिहिलंय की वडील लातूरजवळच्या गावात राहतात, वजन साधारण ६० किलो आहे आणि ‘नुसत्या पालेभाजीवर अंगात ताकद राहायची नाही’ असं त्यांचं म्हणणं आहे. ते अगदीच चूक नाही. मटणाच्या जागी साबुदाणा, बटाटा, चहा-बिस्कीट आणि पातळ वरण आलं, तर शुगरही वाढेल आणि ताकदही जाईल.

वनस्पतींमध्ये कोलेस्टेरॉल नसतं. खोबरं, पामतेल आणि वनस्पती तूप सोडलं तर संपृक्त चरबीही कमी असते, त्यामुळे रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उतरतं. दुसरं काम तंतूंचं. मटणात आणि अंड्यात तंतू शून्य, ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात मात्र सुमारे १० ग्रॅम. डाळी-उसळींमधले विरघळणारे तंतू आतड्यातली पित्ताम्लं धरून शौचावाटे बाहेर नेतात. नवं पित्त बनवायला यकृत रक्तातलंच कोलेस्टेरॉल ओढून घेतं. याच तंतूंमुळे जेवणानंतर साखर एकदम वर चढत नाही, पोटही साफ राहतं.

आता ताकदीचं. आयसीएमआर म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, तिच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे वडिलांना रोज सुमारे ५० ग्रॅम प्रथिनं हवीत. वनस्पतींची प्रथिनं थोडी कमी पचतात, म्हणून ६० चं गणित धरा. ज्वारीच्या तीन भाकरी, म्हणजे २०० ग्रॅम पीठ, यातून २० ग्रॅम. तुरीची डाळ कोरडी ५० ग्रॅम, त्यातून ११. मटकी किंवा हुलगे ४० ग्रॅम, त्यातून ८. शेंगदाण्याचं कूट ३० ग्रॅम, त्यातून ७. सोयावडी २५ ग्रॅम, तिच्यातून १२ ते १३. इथेच ६० च्या जवळ पोचलात. गडबड होते ती वरणात. पातळ वरणाच्या वाटीत कोरडी डाळ १५ ग्रॅमच असते, म्हणजे प्रथिनं फक्त ३ ग्रॅम. म्हणून चार माणसांच्या एका वेळच्या वरणाला १०० ग्रॅम डाळ मोजून घाला आणि ते घट्टच ठेवा. भाकरीसोबत डाळ हवीच, कारण ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं आणि डाळीत ते भरपूर असतं.

तुमच्याकडे शिवारभर सोयाबीन होतं आणि जवळजवळ सगळं मोंढ्यावर जातं. दोन-चार किलो घरी ठेवा. मात्र कच्चं सोयाबीन थेट गिरणीत टाकू नका: त्यातला ट्रिप्सिन रोधक प्रथिनं पचू देत नाही, पोट फुगतं, आणि मग लोक सोयाबीनलाच नावं ठेवतात. पाणी उकळल्यावर त्यात सोयाबीन टाकून २० ते २५ मिनिटं उकळू द्या, पाणी ओतून टाका, कडक उन्हात खडखडीत वाळवा, भरडून साल पाखडा आणि ९ किलो ज्वारीला १ किलो या प्रमाणात दळा. ओलसर राहिलं तर पिठाला बुरशी येते. पीठ पंधरा दिवसांपुरतंच दळा, सोयाबीनच्या तेलाने ते लवकर खवट होतं. भाकरी चिरत असेल तर पीठ उकळत्या पाण्यात मळा, नाहीतर त्याचे धपाटे करा.

डाळी-उसळी एकदम वाढवू नका, गॅस होतो. पहिल्या आठवड्यात रोज अर्धी वाटी जास्त, मग हळूहळू पुढे. मटकी ८ तास आणि हुलगे १० ते १२ तास भिजवून ते पाणी फेकून द्या. मोड आणले तर लोह अडवणारं फायटेट कमी होतं आणि लोह जास्त लागू पडतं. लोहासाठी तांदुळजा, हरभऱ्याची किंवा करडईची भाजी करा, वर लिंबू पिळा, आणि जेवणानंतर तासभर चहा देऊ नका. चहातलं टॅनिन लोह अडवतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ ही लोह आणि जस्त जास्त असलेली ज्वारी आणली आहे; बियाणं मिळालं तर घरच्यापुरती जरूर पेरा.

मासे सुटले तर ओमेगा-३ या उपयोगी चरबीसाठी जवस. अख्खं जवस न पचता तसंच बाहेर पडतं, म्हणून कुटलेलंच हवं. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, थंड करा, लसूण, तिखट, थोडं मीठ घालून मिक्सर थांबत-थांबत फिरवा. सलग फिरवलं तर तेल सुटून गोळा होतो. रोज एक मोठा चमचा पुरे. कारळाची चटणी चांगलीच, पण ओमेगा-३ च्या बाबतीत ती जवसाची जागा घेत नाही. तेल माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर, मग ते करडईचं का असेना.

दुधाबद्दल माझं मत वेगळं आहे. दही-ताक चालत असेल तर सोडायची गरज नाही, साय आणि तूप कमी करा. दूध सोडायचंच असेल तर कॅल्शियमसाठी तीळ, नाचणी, शेवग्याचा पाला ठेवा. पालकावर भरवसा ठेवू नका, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं.

आणि बी-१२ या जीवनसत्त्वाची गोळी लागणारच. कुठल्याही भाजीत, डाळीत किंवा मोडात बी-१२ भरवशाने मिळत नाही. वडील शुगरसाठी मेटफॉर्मिन घेत असतील तर धोका दुप्पट समजा, कारण ती गोळी बी-१२ चं शोषण कमी करते. हातापायाला मुंग्या, जीभ गुळगुळीत लाल होणं, चालताना तोल जाणं ही लक्षणं आहेत. पालेभाज्यांतल्या फोलेट या जीवनसत्त्वामुळे रक्त ठीक दिसतं आणि आत नसा खराब होत राहतात, म्हणून नुसतं हिमोग्लोबिन पाहून निश्चिंत होऊ नका. मात्रा डॉक्टर ठरवतील.

शुगरच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी चालू असेल तर जेवण बदलण्याआधीच डॉक्टरांना सांगा, साखर एकदम खाली जाऊ शकते. क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे मूत्रपिंड नीट काम करत नसेल, तर वरचं प्रथिनांचं गणित वडिलांना लागू नाही. पोटॅशियममुळे डाळ-पालेभाजीही मोजून द्यावी लागते. आत्ता एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी), हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि बी-१२ तपासून घ्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा करा. तीन महिन्यांच्या आत एचबीए१सी पुन्हा करून उपयोग नाही, तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि जुन्या पेशींवरची साखर तोवर आकड्यात दिसत राहते.